जुना कॉम्प्युटर, फुकटचं लिनक्स आणि मुकाट बसलेला प्रिंटर

उमरेड : सातबारा मोबाइलवर दिसतो, आठ-अ दिसतो, आधार दिसतं. पण टेबलापलीकडचा माणूस म्हणतो, "प्रिंट आणा." गावात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

मागच्या हंगामात आमच्या शेजारच्या काकूंच्या तुरीत रानडुकरं घुसली. आमचा पट्टा उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या बाजूचा, त्यामुळे हे दरवर्षीचंच. भरपाईच्या अर्जाला सातबारा जोडायचा होता आणि सकाळी लवकर निघायचं होतं. रात्री आठ वाजता काकू आल्या. "बाबू, तुह्या मशिनीवर सातबारा निघते म्हणते, काढून देशील का?"

मी म्हटलं, बसा. पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा उतरवला आणि प्रिंटचं बटण दाबलं. प्रिंटर घुरघुरला, त्यावरचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला, पण कागद काही बाहेर आला नाही. पुन्हा दाबलं. बंद करून चालू केला, पुन्हा दाबलं. असं चारदा झालं. पडद्यावर मात्र सगळं ठीक. काकू दहापर्यंत बसल्या आणि मग उठून गेल्या, काही बोलल्या नाहीत. ते न बोलणंच जास्त लागलं.

साडेदहाच्या सुमारास कारण सापडलं. प्रिंटरमध्ये कागद ए-फोर होता आणि कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये कागदाचा आकार 'लेटर' होता. लेटर हा अमेरिकेतला आकार, ए-फोरपेक्षा थोडा रुंद आणि थोडा आखूड. प्रिंटर बिचारा लेटरच्या कागदाची वाट पाहत बसला होता. सेटिंग बदललं आणि एकामागून एक चार सातबारे बाहेर आले, कारण बटण मी चारदा दाबलं होतं.

तेव्हापासून गावातले लोक विचारतात, भाऊ, लिनक्सवर प्रिंटर चालते काय? चालतो. पण काही गोष्टी आधी माहीत असल्या तर रात्र वाया जात नाही, म्हणून हे लिहितो आहे.

लिनक्स कुठून आलं घरात

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबवले. काही अटींवर मुदतवाढ दिली, पण ती मर्यादित काळाचीच. कॉम्प्युटर त्या दिवशी बंद पडला असं नाही, फक्त सुरक्षेच्या नवीन दुरुस्त्या येणं बंद झालं. विंडोज ११ टाकावं तर त्याला टीपीएम २.० नावाची चिप लागते आणि प्रोसेसर साधारण २०१८ च्या पुढचा लागतो. आपल्याकडे गावोगावी जे डेस्कटॉप आहेत ते कुठून तरी सेकंडहँड आणलेले, दहा-बारा वर्षं जुने. ते यात बसत नाहीत.

मग दोनच रस्ते. नवीन घ्यायचा, नाही तर त्याच डब्यावर लिनक्स टाकायचं. लिनक्स ही विंडोजसारखीच ऑपरेटिंग सिस्टीम आहे, पण तिचा कोड सगळ्यांसाठी उघडा आहे आणि ती फुकट मिळते. चोरीची कॉपी नाही, रीतसर फुकट. तिचे बरेच प्रकार आहेत. मी 'लिनक्स मिंट'चा हलका प्रकार वापरतो, त्याला एक्सएफसीई म्हणतात. चार जीबी रॅमवर बरा चालतो. आपल्या सरकारच्या सी-डॅकनं बनवलेलं 'बॉस' नावाचं लिनक्स आहे. केरळच्या सरकारी शाळांत तर कित्येक वर्षांपासून पोरं लिनक्सवरच शिकतात. गोव्यातही २००० सालाच्या सुमारास परदेशातून आलेले वापरलेले कॉम्प्युटर शाळांना देऊन त्यावर लिनक्स चालवलं होतं. म्हणजे जुन्या मशिनीवर लिनक्स टाकणं हे काही आपण पहिल्यांदा करत नाही आहोत.

एक गोष्ट आधीच सांगतो. सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी माझं ऐकून लगेच विंडोज पुसू नये. बोटाचा ठसा घेणारं यंत्र आणि डिजिटल सहीचं टोकन लिनक्सवर चालेल की नाही, हे त्या त्या कंपनीला विचारूनच ठरवा. घरचा, शाळेचा, बचत गटाचा कॉम्प्युटर असेल तर गोष्ट वेगळी.

प्रिंटर पाहूनच ठरवा

लोक आधी लिनक्स टाकतात आणि मग प्रिंटरचं पाहतात. उलटं करा. प्रिंटरच्या मागं किंवा खाली चिठ्ठी असते, त्यावर मॉडेल नंबर असतो. तो मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

प्रत्येक प्रिंटरची आपली एक भाषा असते. कॉम्प्युटरनं पाठवलेलं त्या भाषेत सांगणारा जो दुभाषा, त्याला ड्रायव्हर म्हणतात. विंडोजसाठी दुभाषा कंपनी स्वतः देते. लिनक्ससाठी काही कंपन्या देतात, काही देत नाहीत, काही अर्धवट देतात.

सगळ्यात सोपी परीक्षा तुमच्या मोबाइलमध्येच आहे. वायफायवाला प्रिंटर असेल आणि अँड्रॉइड फोनवरून कोणतंही वेगळं अ‍ॅप न टाकता प्रिंट निघत असेल, तर लिनक्सवरही बहुतेक काही न करता निघेल. असे प्रिंटर एकच सामायिक भाषा बोलतात, त्यांना वेगळा दुभाषा लागत नाही. मागच्या दहाएक वर्षांतले बरेच वायफायवाले मॉडेल असे आहेत.

शाईच्या टाकीवाले एप्सन, म्हणजे एल ३११०, एल ३२१० वगैरे, लिनक्सवर सहसा त्रास देत नाहीत. त्यांचा ड्रायव्हर कंपनीनंच खुला केला आहे आणि तो मिंटच्या भांडारात मिळतो. ब्रदरचे ड्रायव्हर कंपनीच्या वेबसाइटवर लिनक्सच्या नावानं वेगळे ठेवलेले असतात, ते उतरवून घ्यावे लागतात.

एचपीचं थोडं समजून घ्यावं लागतं. कंपनीनं 'एचपीलिप' नावाचं सॉफ्टवेअर लिनक्ससाठी दिलं आहे आणि ते मिंटमध्ये आधीपासून असतं. पण लेझरजेट १०२०, एम १००५, पी ११०८, एम ११३६ असे आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानात दिसणारे जे मॉडेल आहेत, त्यांना एचपीलिपसोबत 'प्लगइन' नावाचा आणखी एक तुकडा लागतो. तो खुला नाही, म्हणून आधीपासून टाकलेला नसतो. इंटरनेट लावून तुम्हालाच आणावा लागतो. तो आणला की हे प्रिंटर चालतात.

कॅननचा एलबीपी २९०० हा आपल्याकडचा अजून एक जुना साथी. दणकट मशीन आहे, पण तो 'कॅप्ट' नावाच्या कंपनीच्या खास भाषेत बोलतो. त्याचा लिनक्स ड्रायव्हर बसवणं किचकट आहे. नवख्या माणसानं केवळ या प्रिंटरसाठी लिनक्सच्या वाट्याला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि खरी खात्री करायची असेल तर विंडोज न पुसताच करता येते. मिंटची फाइल तीन जीबीच्या आसपास आहे. ती आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर 'रुफस' नावाच्या प्रोग्रामनं चढवा आणि कॉम्प्युटर त्या पेनड्राइव्हवरून सुरू करा. लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालतं, हार्डडिस्कला हात लागत नाही. तिथंच प्रिंटर जोडून एक पान काढून पाहा. निघालं तर पुढं जा. नाही निघालं तर पेनड्राइव्ह काढा, तुमचं विंडोज जसंच्या तसं आहे. फक्त पेनड्राइव्हमधलं आधीचं सगळं पुसलं जातं, तेवढं लक्षात ठेवा.

जोडायचा कसा

आधी इंटरनेट. गावात ब्रॉडबँड नसलं तरी अडत नाही. मोबाइल चार्जिंगच्या केबलनं कॉम्प्युटरला लावा आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. लिनक्स ते लगेच ओळखतं.

मग प्रिंटर चालू करा आणि केबल लावा. मिनिटभर थांबा. बरेचदा कोपऱ्यात 'प्रिंटर जोडला' असा संदेश येतो आणि काम तिथंच संपतं. नाही आला तर मेनूत जाऊन 'प्रिंटर्स' शोधा, उघडा आणि 'अ‍ॅड' दाबा. डाव्या बाजूच्या यादीत तुमच्या प्रिंटरचं नाव दिसलं पाहिजे. ते निवडून पुढं पुढं जायचं आणि शेवटी टेस्ट पेज काढायचं.

प्लगइनवाला एचपी असेल तर मेनूतून टर्मिनल उघडा. काळा पडदा येतो, त्याला घाबरू नका. तिथं इंग्रजी छोट्या अक्षरांत एच पी, मग आडवी रेघ, मग सेटअप असं जोडून टाईप करा आणि एंटर दाबा. एक खिडकी उघडते. ती प्रिंटर शोधते आणि प्लगइन हवं का म्हणून विचारते. हो म्हणा. ती पासवर्ड मागते. इथं बरेच जण फसतात. टर्मिनलमध्ये पासवर्ड टाईप करताना कधी कधी पडद्यावर काहीच दिसत नाही, चांदण्याही नाही. मला वाटलं कीबोर्ड बिघडला. तसं नाही, न दिसता तो लिहिला जातो. टाईप करून एंटर दाबायचं.

जोडून झालं की सगळ्यात आधी कागदाचा आकार पाहा, नाही तर माझ्यासारखी रात्र जाईल. 'प्रिंटर्स'मध्ये प्रिंटरच्या चित्रावर उजवी क्लिक, मग प्रॉपर्टीज, मग प्रिंटर ऑप्शन्स. तिथं लेटर असेल तर ए-फोर करा. मी लिनक्स टाकताना भाषा इंग्रजी अमेरिका निवडली होती, म्हणून सगळीकडे लेटर बसलं. इंग्रजी भारत किंवा मराठी निवडलं असतं तर ए-फोरच आलं असतं. पीडीएफ उघडल्यावर प्रिंटच्या खिडकीतही कागदाचा आकार वेगळा दिसतो, तोही एकदा पाहून घ्या.

अडला तर कुठं पाहायचं

माझा भाचा नागपुरात पॉलिटेक्निकला आहे. त्या रात्री त्यालाच फोन लावला होता. तो म्हणाला, "मामाजी, मोटर चालू होत नाही तर तुम्ही काय करता? आधी लाइन आहे का पाहता, मग स्टार्टर, मग मोटर. तसंच पाहा." पोरगं बरोबर बोललं.

प्रिंटरची लाइन म्हणजे केबल. टर्मिनलमध्ये एल एस यू एस बी ही पाच अक्षरं छोटी, मध्ये जागा न सोडता टाईप करून एंटर दाबा. कॉम्प्युटरला यूएसबीवर जे जे लावलं आहे त्याची यादी येते. त्यात प्रिंटरच्या कंपनीचं नाव नसेल तर ड्रायव्हरच्या मागं लागू नका. केबल बदला, दुसऱ्या भोकात लावून पाहा. आमच्याकडे कापूस घरात भरला की उंदीर येतात, आणि उंदराला यूएसबीची केबल काहून आवडते कोण जाणे.

यादीत नाव आहे, पण प्रिंट येत नाही, तर स्टार्टर पाहा. म्हणजे रांग. लिनक्समध्ये प्रिंटचं सगळं काम 'कप्स' नावाचा प्रोग्राम पाहतो. हा १९९९ मध्ये आला आणि अ‍ॅपलच्या कॉम्प्युटरवरही हाच आहे. तुम्ही बटण दाबलं की काम आधी कप्सच्या रांगेत लागतं. मधेच लाइट गेली, कागद अडकला, तर कप्स तो प्रिंटर 'थांबवलेला' असं लिहून ठेवतो. लाइट आल्यावरही तो थांबलेलाच राहतो, आणि आपण बटण दाबत राहतो, रांग वाढत राहते. लोडशेडिंगच्या दिवसांत ही अडचण सगळ्यात जास्त येते. 'प्रिंटर्स'मध्ये चित्रावर उजवी क्लिक करून 'इनेबल्ड' समोर टिक आहे का पाहा, नसेल तर करा. जुनी रांग साफ करायची असेल तर टर्मिनलमध्ये कॅन्सल लिहून, जागा सोडून, आडवी रेघ आणि ए. सगळी कामं निघून जातात. मग एकदाच प्रिंट द्या.

कप्सचं आणखी एक दार आहे. फायरफॉक्समध्ये वर जिथं पत्ता टाकतो तिथं लोकलहोस्ट लिहा, मग एकावर एक दोन टिंबं, मग आकडा ६३१. कप्सचं पान उघडतं. त्यात प्रिंटर थांबला असेल तर कारणही लिहिलेलं असतं. हे पान इंटरनेटवरचं नाही, तुमच्याच कॉम्प्युटरमधलं आहे, म्हणून नेट नसतानाही उघडतं.

त्याच यादीत एकाच प्रिंटरची दोन नावं दिसली तर गोंधळू नका. दोन्हीवर टेस्ट पेज काढा. ज्याच्यावर निघालं तेच 'डिफॉल्ट' करा.

लाइन आहे, स्टार्टर आहे, तरी गप्प, तर मोटर. म्हणजे ड्रायव्हर. इथं एचपीच्या जुन्या लेझरची एक गंमत सांगण्यासारखी आहे. १०२० सारखे काही मॉडेल बंद केले की सगळं विसरतात. त्यांच्या पोटात स्वतःचा प्रोग्राम कायम राहत नाही. रोज सकाळी चालू झाले की कॉम्प्युटरनं तो त्यांना नव्यानं भरवायचा असतो. प्लगइनमध्ये तोच असतो. म्हणून रात्री चालणारा प्रिंटर सकाळी मुका झाला तर कॉम्प्युटर पूर्ण सुरू होऊ द्या, प्रिंटर चालू ठेवा आणि यूएसबी केबल एकदा काढून परत लावा. आणि लिनक्सचं मोठं अपडेट झाल्यावर जुनं प्लगइन नव्या एचपीलिपशी जुळत नाही. तेव्हा एचपी-सेटअपचा उद्योग परत एकदा करायचा, पाच मिनिटांचं काम आहे.

पी ११०८ आणि एम ११३६ च्या जातीत आणखी एक प्रकार होतो. प्रिंटर लावला की सीडी लागल्यासारखं चित्र पडद्यावर येतं आणि प्रिंटर दिसतच नाही. विंडोजवाल्यांचा ड्रायव्हर आपोआप टाकला जावा म्हणून कंपनीनं ही सोय केली होती, तिला 'स्मार्ट इन्स्टॉल' म्हणतात. एचपीलिप नवीन असेल तर बहुतेक वेळा आपोआप निभावतं. नाही निभावलं तर कोणाच्या तरी विंडोज कॉम्प्युटरवर नेऊन कंपनीच्याच छोट्या प्रोग्रामनं ही सोय एकदाची बंद करावी लागते.

शाईवाल्यांचा वेगळाच आजार. लिनक्सचा काही संबंध नसतो, पण बोल त्यालाच बसतो. आपल्याकडे मे महिन्यात जे ऊन तापते त्यात आठ-पंधरा दिवस प्रिंट काढली नाही तर शाई तोंडाशी सुकते आणि पान पट्ट्यापट्ट्याचं किंवा कोरं येतं. आठवड्यातून एक रंगीत पान काढत जा. लेझरवाल्यांनी एवढं करावं की प्रिंटर इन्व्हर्टरवर लावू नये. तापताना तो एकदम जोरात करंट ओढतो.

हे सगळं सुरूच एका प्रिंटरवरून झालं

भाच्यानं सांगितलेली गोष्ट नंतर मी वाचूनही काढली. १९८० च्या सुमाराला अमेरिकेत एमआयटी या संस्थेच्या लॅबमध्ये रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रामर होता. लॅबचा प्रिंटर एकीकडे आणि माणसं दुसरीकडे. कागद अडकला की कोणाला कळायचं नाही, लोक हेलपाटे मारायचे. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये त्यानं बदल केला होता, कागद अडकला की ज्यांची प्रिंट रांगेत आहे त्यांना संदेश जायचा. मग झेरॉक्स कंपनीचा नवीन लेझर प्रिंटर आला. तोही अडकायचा, पण त्याचा कोड दिलेला नव्हता. ज्याच्याकडे तो कोड होता त्यानं, कंपनीला शब्द दिला आहे म्हणून, द्यायला नकार दिला. ही गोष्ट स्टॉलमनच्या मनात बसली. १९८३ मध्ये त्यानं सगळ्यांसाठी खुली ऑपरेटिंग सिस्टीम बनवायची घोषणा केली. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सनं लिनक्सचा गाभा लिहिला आणि दोन्ही मिळून आज आपण वापरतो ते तयार झालं.

मराठी अक्षरं

सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला हे पीडीएफ असतात, त्यांची अक्षरं लिनक्सवर बरोबर येतात. अडचण येते ती वर्डमधल्या जुन्या मराठी पत्रांची. ग्रामपंचायतीत, शाळेत वर्षानुवर्षं कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाईप केलेलं असतं. ते युनिकोड नाही. तो फाँट ज्या कॉम्प्युटरवर नाही तिथं इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो आणि प्रिंटही तसाच येतो. त्यात प्रिंटरची चूक नाही आणि लिनक्सचीही नाही, विंडोजवरही फाँट नसला तर हेच होतं. ज्यानं पत्र पाठवलं त्याला म्हणा, पीडीएफ करून पाठव. आणि आपण नवीन लिहिताना युनिकोडमध्येच लिहा.

कोणाला विचारायचं तर

मला रोज फोन येतात, "भाऊ, प्रिंटर चालून नाही राहिला." एवढ्यावरून उमरेडच्या दुकानदारालाही काही सांगता येणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तीन फोटो पाठवत जा. एक प्रिंटरच्या मागच्या चिठ्ठीचा, मॉडेल नंबर वाचता येईल असा. दुसरा एल-एस-यू-एस-बी केल्यावर आलेल्या पडद्याचा. तिसरा प्रिंटरवरच्या दिव्यांचा, फोटोऐवजी छोटा व्हिडिओ काढला तर आणखी बरं, कारण कोणता दिवा कसा लुकलुकतो यावरून अर्धं कळतं. कागद संपला, झाकण उघडं आहे, टोनर नीट बसला नाही, हे सगळं दिवेच सांगतात.

काकूंना दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सातबारा नेऊन दिला. चारपैकी एक अर्जाला लागला, एक त्यांनी बँकेसाठी ठेवला. उरलेल्या दोनच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी वरच्या या सगळ्या गोष्टी लिहून प्रिंटरच्या वर भिंतीला चिकटवल्या आहेत.